जॉर्ज पुलमन व त्याच्या निजण्याच्या गाड्या

आगगाडींत रात्रभर बांकावर अवघडून बसावें लागलें म्हणजे दुसऱ्या दिवशीं अंग कसें आंबून जातें, हें आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. हा त्रास नाहींसा करण्याच्या ध्यासांतून ज्यानें अलोट संपत्ति मिळविली, व उंच पर्वत ओलांडणाऱ्या उतारूंस घरच्यासारखें अंथरूण मिळवून दिलें, त्या अमेरिकन गृहस्थाचें चरित्र आम्ही येथें देत आहों. तें सर्वस्वी अनुकरण करण्यासारखें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. तरी विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या वडील मंडळींनीं तें अवश्य वाचावें.

जॉर्ज मॉर्टिमर पुलमन याचा जन्म ३ मार्च १८३१ रोजीं न्यू यॉर्क संस्थानांतील ब्रॉक्टन या गांवीं झाला. बाप सुतार. घरांत धर्माचें वळण चांगलें. जॉर्जचे दोन भाऊ पुढें धर्मोपदेशक झाले. जॉर्जची शाळा मात्र चौदाव्या वर्षींच सुटली. बापाचा एक विलक्षण धंदा होता. ईअरी कालवा रुंद करावयाचा होता, तेव्हां त्याच्या कांठावरचीं घरें न मोडतां, अखंड उचलून मागें सरकविण्याचें काम तो करी. १८५३ त बाप वारला व तो धंदा जॉर्जच्या अंगावर पडला. पुढें शिकागो शहरांत ह्याच विद्येनें त्याचें नांव झालें. तें शहर दलदलीवर वसलेलें. गटारें बांधण्याकरितां तेथील रस्ते कित्येक फूट उंच करण्यांत आले, अर्थात् इमारतीहि उचलणें भाग पडलें. १८६१ त ट्रेमाँट हाउस नांवाचें विटांचें प्रचंड हॉटेल आंत पाहुणे राहत असतांनाच वर उचललें गेलें, त्या कामांत पुलमनचा भाग होता. इमारत उचलावी, पण आंतल्या माणसास धक्का लागूं नये, ही दृष्टि त्यास येथेंच मिळाली असावी असें आम्हांस वाटतें.

निजण्याचे डबे पुलमनच्या पूर्वींहि होते. पण ते म्हणजे लांकडी फळ्यांची उतरंडच. १८५९ त त्यानें एका रेल्वे कंपनीचे दोन जुने डबे घेऊन त्यांत सुधारणा केली. वरचीं अंथरुणें दिवसा दोर व कप्प्यांच्या साह्यानें छताशीं ओढून घेतां येत. उजेडास मेणबत्त्या, ऊब येण्यास शेगडी. उतारूंना निजण्यापूर्वीं बूट काढण्याची विनंती गार्डास करावी लागे, असें सांगतात! लोकांनीं डब्यांची वाखाणणी केली, पण पैसा फारसा आला नाहीं. म्हणून १८६० त पुलमन कोलोरॅडोच्या डोंगरांत सोन्याच्या खाणींकडे गेला. तेथें त्यानें सोनें खणलें नाहीं. खाणवाल्यांस लागणारा माल विकला. शिकागोस परत येऊन १८६५ त त्यानें पायोनियर हा डबा पुरा केला. त्यास सुमारें २०,००० डॉलर खर्च आला. साध्या डब्यास त्याचा चौथा हिस्साहि लागत नसे. शिवाय तो इतरांहून रुंद व उंच असल्यामुळें, जेथें तो न्यावयाचा तेथें फलाट तासावे लागले. १८६७ त पुलमन पॅलेस कार कंपनी निघाली व पुढल्याच वर्षीं डेल्मॉनिको नांवाचा खास भोजनाचा डबा तयार झाला.

१० मे १८६९ रोजीं अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम बाजूंचे रूळ एकमेकांस मिळाले. त्यानंतर एका वर्षानें, २३ मे १८७० रोजीं, बोस्टन येथील व्यापारी मंडळी पुलमनच्या आठ डब्यांची गाडी घेऊन निघाली व ३१ मे रोजीं सॅन फ्रान्सिस्कोस पोंचली. गाडींत ग्रंथसंग्रह होता, ऑर्गन होते, आणि छापखानाहि होता. धांवत्या गाडींतच मंडळी आपलें वर्तमानपत्र छापीत. वाट रॉकी पर्वतांतून शर्मन खिंडीवर, म्हणजे ८,००० फुटांहून अधिक उंचीवर जाई. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच असें आमचें कळसूबाईचें शिखर सुमारें ५,४०० फूट आहे, हें ध्यानांत आणावें. पुढें ओसाड पठारें ओलांडून सिएरा नेव्हाडाची चढण लागे. तेथें ७,००० फुटांवर कठीण दगड फोडून बोगदा काढलेला होता, आणि हिमाचे ढीग रुळांवर कोसळूं नयेत म्हणून मैलचे मैल लांकडी छपरें घातलेलीं होतीं. त्यामुळें सर्वांत सुंदर देखाव्याच्या ठिकाणींच डबा अंधारांत बुडे व उतारू चडफडत. तो बोगदा हजारों चिनी मजुरांनीं हिंवाळ्यांत राबून खोदला, आणि त्यांपैकीं कित्येक हिमाखालीं गाडले गेले, याची आठवण गाद्यांवर लोळणाऱ्या उतारूंस क्वचितच होत असेल.

ह्या गाड्यांची कीर्ति समुद्रापलीकडेहि गेली. नागलमाकर्स नांवाच्या बेल्जियन तरुणानें त्या पाहून आपल्या देशीं तशीच कंपनी काढली. तिनेंच १८८३ त प्रसिद्ध ओरिएंट एक्सप्रेस सुरू केली.

पुलमनच्या गाडींत अंथरूण घालणें, बूट पुसणें, रात्रीं हांक येतांच धांवणें हीं कामें पोर्टर करीत. हे बहुतेक दास्यांतून नुकतेच सुटलेले नीग्रो लोक. पगार अगदीं थोडा, सारी भिस्त उतारूंच्या बक्षिसावर. आणि त्यांस स्वतःचें नांवहि उरलें नाहीं. मालकाच्या नांवावरून उतारू कोणाहि पोर्टरास जॉर्ज म्हणूनच हांक मारीत.

१८८० त पुलमननें शिकागोनजीक आपल्या कारागिरांकरितां पुलमन नांवाचें गांव बांधावयास घेतलें. पक्कीं घरें, नळाचें पाणी, बाग, ग्रंथालय सर्व कांहीं होतें. पण घर विकत घेण्याची कोणास सोय नव्हती, आणि प्रत्येक गोष्टीवर नफा मिळालाच पाहिजे असा धन्याचा नियम होता. हिरवट दगडाचें एक सुंदर देऊळ सर्व ख्रिस्ती पंथांकरितां उभारलें, पण त्याचेंहि भाडें इतकें ठेविलें कीं तें कित्येक दिवस रिकामेंच राहिलें. धर्मशील घरांत वाढलेल्या माणसास हें कसें सुचलें असेल, याचें आम्हांस मोठें नवल वाटतें. १८९३ त व्यापार मंदावला. कंपनीनें मजुरी सरासरीनें पाव हिश्शानें उतरविली. घरभाडें मात्र एका पैशानें उतरविलें नाहीं, आणि भागधारकांस आठ टक्के नफा पूर्वींप्रमाणेंच वांटला. कारागिरांचे प्रतिनिधि गाऱ्हाणें घेऊन गेले, तर त्यांतील तिघांस कामावरून काढलें. ११ मे १८९४ रोजीं संप झाला. रेल्वेच्या नोकरांनीं त्यांस साथ देऊन पुलमनचे डबे जोडण्याचें नाकारलें. टपाल अडतें या कारणावरून अध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं सैन्य पाठविलें, माणसें मेलीं, व संप मोडला. पंचांमार्फत निवाडा करण्यास पुलमन शेवटपर्यंत तयार झाला नाहीं.

१९ ऑक्टोबर १८९७ रोजीं तो वारला. संतापलेले लोक प्रेत उकरून काढतील या भीतीनें घरच्यांनीं शवपेटीभोंवतीं सिमेंट ओतून वर पोलादी रूळ बसविले. मृत्युपत्रांत त्यानें बारा लक्ष डॉलर कारागिरांच्या मुलांस हस्तकला शिकविणाऱ्या शाळेस ठेविले होते. ती शाळा १९१५ त उघडली. १८९८ त इलिनॉय संस्थानच्या श्रेष्ठ न्यायालयानें कंपनीस गांवांतील घरें विकावयास लाविलें. पोर्टरांचा संघ १९२५ त स्थापन झाला, आणि बारा वर्षांच्या झगड्यानंतर १९३७ त कंपनीनें त्यांच्याशीं करार केला. हिरव्या दगडाचें तें देऊळ १९०७ त मेथडिस्ट मंडळीनें विकत घेतलें.