हरलेला पहिला डाव

आमचं कुंडल कुस्तीचं गाव. इथलं मैदान भरलं की चारी बाजूंनी माणूसच माणूस. माझा नातू मात्र रमला बुद्धिबळात. परवा सांगलीला मुलांच्या स्पर्धेत त्यानं इव्हान्स गँबिट मांडला. त्यात चौथ्याच खेळीला घोड्यासमोरचं प्यादं शत्रूच्या उंटापुढं टाकायचं आणि त्या बदल्यात वेळ साधून हल्ला चढवायचा. बँकेत आयुष्य काढल्यामुळं मला हा व्यवहार कळतो. पण कर्ज कधी बुडतंही. पोरगा हरला आणि रात्री जेवला नाही. दहावी तोंडावर आलेली, म्हणून त्याच्या बाबानं पट माळ्यावर टाकायचं ठरवलं. तेव्हा मी दोघांना पॉल मॉर्फीची गोष्ट सांगितली.

मॉर्फी १८३७ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला जन्मला. वडील न्यायाधीश. वडील-काकांचे डाव बघत बघतच तो खेळायला शिकला. बाराव्या वर्षी, १८५० मध्ये, गावात आलेल्या लोवेन्थाल या नामांकित हंगेरियन खेळाडूला त्यानं हरवलं. १८५७ साली कायद्याची पदवी मिळाली, पण वकिली करायला वय कमी पडत होतं. त्या मोकळ्या वेळात तो न्यूयॉर्कला गेला आणि अमेरिकेतली पहिली मोठी स्पर्धा जिंकून आला. आपल्याकडं उठाव पेटला होता, तेच हे साल.

पुढच्या वर्षी पॅरिसला त्याची गाठ जर्मनीच्या अँडरसनशी पडली. मॉर्फी तेव्हा एकवीस वर्षांचा, आणि आजारातून उठलेला. पहिल्या डावात त्यानं इव्हान्स गँबिटच खेळला, आणि हरला! दुसरा डाव बरोबरीत सुटला. मग त्यानं तो गँबिट बाजूला ठेवला, दुसरी सुरुवात घेतली आणि ओळीनं पाच डाव जिंकले. एकूण अकरा डावांत सात विजय, दोन हार, दोन बरोबरी.

इथंच गोष्ट संपती तर बरं झालं असतं. बुद्धिबळ हा फावल्या वेळचा खेळ, पोटाचा धंदा नव्हे, असं मॉर्फी मानायचा. घरी परतल्यावर त्यानं स्पर्धा सोडल्या. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं. वकिली कधी जमलीच नाही. पुढं मनाला संशयानं घेरलं, आणि १८८४ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो गेला.

गोष्ट ऐकून मुलगा गप्प झाला. मी त्याला एवढंच म्हटलं, की दहावी हवीच. पण जे पोराला मनापासून येतं, त्याची त्याला लाज वाटेल असं घरात काही बोलू नये. नातवाला म्हटलं, पहिला डाव मॉर्फीही हरला होता.

पट अजून खालीच आहे. अभ्यास झाला की रात्री अर्धा तास आम्ही दोघं बसतो.