ब्यूफर्टचा आमदार : रॉबर्ट स्मॉल्स



मतदान केंद्रावर जायचे, बोटाला शाई लावून घ्यायची आणि घरी यायचे, हे आता आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्या शाईची किंमत आपल्या लक्षात राहत नाही. म्हणून आज तुम्हाला सातासमुद्रापलीकडच्या एका माणसाचे चरित्र सांगतो. हा माणूस गुलाम म्हणून जन्मला, ज्या गावात गुलाम होता त्याच मतदारसंघाचा आमदार झाला, आणि उतारवयात त्याच मतदारसंघाचे मत डोळ्यांदेखत हिरावले जाताना त्याला पाहावे लागले. संध्याकाळी घरात सगळे जमले की हे मोठ्याने वाचा. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही ऐकू जाऊ द्या, कारण पुढची गोष्ट त्यांच्यासारख्यांचीच आहे.

अमेरिकेत दक्षिण कॅरोलिना नावाचे राज्य आहे. त्याच्या समुद्रकाठच्या ब्यूफर्ट गावी ५ एप्रिल १८३९ रोजी रॉबर्टचा जन्म झाला. आई लिडिया ही मकी नावाच्या गोऱ्या मालकाच्या घरची गुलाम. मालकाच्या वाड्यामागच्या खोपटात तो जन्मला. आईने त्याला वाड्याच्या सावलीत वाढवले खरे, पण गुलामांना फटके कसे मारतात, माणसांचा लिलाव कसा होतो, हे त्याने पाहावे असाही तिने आग्रह धरला. मला या माउलीचे फार कौतुक वाटते. लाडाने पोर आपली जागा विसरेल, आणि ती विसरली तर एक दिवस फसेल, हे तिने ओळखले होते.

बाराव्या वर्षी त्याला चार्ल्स्टन शहरात मजुरीला लावले. मजुरी त्याची, पैसा मालकाचा. त्याच्या हाती पडे तो थोडासा हिस्सा. हॉटेलात वाढपी, रस्त्यावरचे दिवे लावणारा, गोदीतला हमाल, शिडे शिवणारा अशी कामे करता करता तो बोटीच्या सुकाणूपर्यंत पोचला. १८५६ मध्ये हॅना नावाच्या गुलाम स्त्रीशी त्याचे लग्न झाले. मुलगी झाली. कायद्याने ती मुलगी बापाची नव्हती, हॅनाच्या मालकाची होती! बायको आणि लेक यांना विकत घेण्याची किंमत ८०० डॉलर ठरली; रॉबर्टच्या गाठीला होते १००.

१८६०-६१ मध्ये दक्षिणेतली राज्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी देशातून फुटली आणि यादवी युद्ध पेटले. रॉबर्ट दक्षिणेच्या लष्करातील ‘प्लँटर’ या आगबोटीवर सुकाणू धरत होता. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेलेले असताना त्याने व त्याच्या काळ्या सोबत्यांनी बोट सोडली. वाटेत बायकामुलांना घेतले. कप्तानाची गवती टोपी डोक्यावर ठेवून, ठरलेल्या खुणेच्या शिट्ट्या बरोबर वाजवत, अंधुक उजेडात त्याने सम्टर किल्ल्याच्या तोफांसमोरून बोट नेली. पुढे उत्तरेचे आरमार होते. तेथे पांढरी चादर फडकली आणि सोळा माणसे, बोट व तिच्यावरच्या तोफा मोकळ्या झाल्या. ८०० डॉलर भरावे लागले नाहीत.

येथून पुढे मी त्यांना स्मॉल्स साहेब म्हटले तर चालेल ना? त्याच वर्षी ते वॉशिंग्टनला जाऊन अध्यक्ष लिंकन यांना भेटले. काळ्या लोकांना सैन्यात घ्यावे अशी मागणी करणाऱ्यांत ते होते. पुढे ‘प्लँटर’चे ते कप्तान झाले. युद्धातला हा वीर १८६४ मध्ये फिलाडेल्फियात ट्रामगाडीत बसला तर त्याला गोऱ्यांसाठी जागा सोडायला लावण्यात आले. उत्तरेतले शहर बरे हे! त्याच शहरात त्यांनी वयाच्या पंचविशीत अक्षरे गिरवली. आणि कर थकल्यामुळे सरकारने लिलावात काढलेला मकीचा वाडा, ज्याच्या मागे ते जन्मले होते, तो त्यांनीच विकत घेतला. जुन्या मालकाकडच्या लोकांनी दावा लावला. १८७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्मॉल्स यांच्या बाजूने निकाल दिला.

आता मतदारसंघाकडे येऊ. युद्धानंतर काळ्या पुरुषांना मत मिळाले. १८६८ मध्ये चार्ल्स्टनला नवी राज्यघटना करण्यासाठी १२४ प्रतिनिधी जमले. त्यांत ७६ काळे होते. ब्यूफर्टहून स्मॉल्स गेले. नुकतेच वाचायला शिकलेल्या या माणसाने तेथे कोणता ठराव मांडला? सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण मिळावे, हा. तोवर त्या राज्यात सर्वांसाठी सरकारी शाळा ही गोष्टच नव्हती. मी मास्तर असल्यामुळे असेल, पण बोट पळवण्यापेक्षा मला हा ठराव मोठा वाटतो.

नव्या घटनेने प्रत्येक काउंटी, म्हणजे आपल्याकडचा जिल्हा म्हणा, हाच एक मतदारसंघ केला. ब्यूफर्टमध्ये काळे लोक फार मोठ्या बहुसंख्येने होते. त्यांनी १८६८ मध्ये स्मॉल्स यांना खालच्या सभागृहात आणि १८७० मध्ये सिनेटमध्ये पाठवले. त्या काळात खालच्या सभागृहात काळ्यांचे बहुमत होते, असे दुसऱ्या कोणत्याही राज्यात घडले नाही. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली व ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हा एकेकाळचा एक गुलाम तिकडे सिनेटच्या बाकावर बसत होता.

१८७४ मध्ये ते वॉशिंग्टनच्या सभागृहात, आपल्या लोकसभेसारख्या, निवडून गेले. पण वारे फिरले होते. १८७६ च्या निवडणुकीत लाल सदरे घातलेल्या गोऱ्यांच्या हत्यारबंद टोळ्या सभा उधळत, माणसे मारत फिरल्या. १८७७ मध्ये केंद्राचे सैन्य मागे घेतले गेले आणि राज्य विरोधकांच्या हाती गेले. लगेच स्मॉल्स यांच्यावर सिनेटमध्ये असताना ५,००० डॉलर लाच घेतल्याचा खटला भरून त्यांना तीन वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. मुख्य साक्षीदार स्वतःच त्या भानगडीत अडकलेला होता. १८७९ मध्ये त्यांना माफी मिळाली, पण ती सौद्यात: निवडणुकीत गैरप्रकार केलेल्या गोऱ्यांवरचे केंद्राचे खटले त्या बदल्यात सोडून देण्यात आले. त्या सौद्यावरूनच खटल्याचा हेतू काय होता ते समजून घ्या.

बंदुकीपेक्षा स्वच्छ उपाय १८८२ मध्ये सापडला. त्याला आठ पेट्यांचा कायदा म्हणतात. वेगवेगळ्या पदांसाठी वेगवेगळ्या पेट्या ठेवायच्या, प्रत्येकीवर नाव लिहायचे. चुकीच्या पेटीत चिठ्ठी पडली की मत बाद. कोणाला पाठ होऊ नये म्हणून पेट्यांच्या जागाही बदलत. ज्या लोकांना शिकवणे काल-परवापर्यंत गुन्हा होता, त्यांची ही परीक्षा! आता आपल्याकडचे आठवा. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्याकडेही अनेक पेट्या होत्या. पण प्रत्येक उमेदवाराच्या पेटीवर त्याचे चिन्ह होते, निरक्षर आजीलाही आपली पेटी ओळखता यावी म्हणून. लाकूड-पत्रा तोच, दानत वेगळी.

तरीही ब्यूफर्टने स्मॉल्स यांना सोडले नाही. १८८७ पर्यंत मध्ये खंड पडत ते वॉशिंग्टनला बसले. १८९५ मध्ये नवी घटना करायला १६० प्रतिनिधी जमले, त्यांत काळे फक्त सहा, आणि सहांपैकी पाच एकट्या ब्यूफर्टचे. मत हवे तर निवडणुकीच्या सहा महिने आधी डोईपट्टी भरा, आणि घटनेतला उतारा वाचून दाखवा नाहीतर ३०० डॉलरची मालमत्ता दाखवा, असे तेथे ठरले. उतारा नीट वाचला की नाही हे ठरवणार गोरा अधिकारी. काळे-गोरे विवाहाला बंदी घालण्याचा विषय निघाला तेव्हा स्मॉल्स उठले. काळ्या स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या गोऱ्याला सरकारी पद मिळू नये आणि त्यांच्या मुलाला बापाचे नाव लागावे, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. सभेची फार अडचण झाली. दुरुस्ती अर्थातच फेटाळली गेली. शेवटी त्या घटनेवर त्यांनी सही केली नाही. सही नाही तर प्रवासखर्च नाही असे सूचित झाले, तेव्हा पायी घरी जाण्याची तयारी त्यांनी दाखवली.

ते पुढे ब्यूफर्ट बंदराचे जकात अधिकारी होते. १९१३ मध्ये ते पदही गेले. २३ फेब्रुवारी १९१५ रोजी त्याच वाड्यात त्यांचे निधन झाले. त्या दिवसांत बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

१९०२ नंतर दक्षिण कॅरोलिनाच्या विधिमंडळात एकही काळा सदस्य उरला नव्हता. १९६५ चा मताधिकार कायदा झाल्यावर, १९७० मध्ये, तिघे जण खालच्या सभागृहात निवडून आले. स्मॉल्स जेथे बसत त्या सिनेटमध्ये काळा माणूस पुन्हा जाऊन बसायला १९८३ साल उजाडावे लागले.