पेस्तालोझी : पोरक्या मुलांचे गुरु

घर निराळें आणि शाळा निराळी, असें आपण सहज समजतों. घरीं मूल खातें, झोपतें, कामास हात लावितें. शाळेंत अक्षरें गिरवितें. ही मधली भिंत पाडण्यासाठीं ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें, त्या स्वित्झर्लंड देशच्या योहान हाइनरिख पेस्तालोझी ह्यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचा जन्म झुरिक शहरीं ता. १२ जानेवारी १७४६ रोजीं झाला. ते पांच वर्षांचे असतां वडील वारले. मरतेसमयीं त्यांनीं बाबेली नांवाच्या मोलकरणीस, ह्या कुटुंबास सोडूं नको, असें विनविलें होतें. तिनें तें वचन पाळिलें, आणि विधवा आईच्या जोडीनें काटकसर करून मुलें वाढविलीं. आजोबा जवळच्या एका खेड्यांत पाळक होते. त्यांच्याकडे जातां येतां खेड्यांतील दैन्य ह्या मुलानें डोळ्यांनीं पाहिलें.

१७६९ सालीं अ‍ॅना शुल्थेस ह्यांच्याशीं विवाह करून त्यांनीं बिर गांवाजवळ नॉयहोफ येथें शेती आरंभिली. तींत नुकसान आलें. तरी १७७४ सालीं त्यांनीं निराधार मुलें आपल्या घरीं आणिलीं. तीं सूत कातीत, विणीत, शेतांत राबत आणि काम करतां करतांच वाचन व हिशेब शिकत. परंतु गुरुजींस स्वतःचा जमाखर्च कधींच साधला नाहीं. १७८० सालीं तें काम बंद पडलें, व पत्नीच्या माहेरच्या धनाचा मोठा भाग बुडाला.

त्यांचा एकुलता मुलगा याकोब. रूसो नांवाच्या ग्रंथकाराच्या मतांप्रमाणें त्यास वाढवावें, अशी पेस्तालोझींची इच्छा होती. पण बरेंच वय होईपर्यंत त्यास नीट लिहितां-वाचतां आलें नाहीं. पुढें तो दीर्घ आजारी होऊन १८०१ सालीं वारला. मुलास मोकळीक पाहिजे आणि आज्ञाधारकपणाही पाहिजे. ह्या दोहोंचा मेळ घालणें किती कठीण, हें त्यांस स्वतःच्याच घरीं कळलें.

१७८१ सालीं त्यांची लीनहार्ट व गेर्ट्रूड ही कथा प्रसिद्ध झाली. तींतील गेर्ट्रूड ही एका गवंड्याची बायको. नवरा दारूच्या नादीं लागलेला. तरी ती धीर धरून घर सावरते, मुलांस सूतकताई शिकविते, आणि धागे व खोलींतील पावलें मोजावयास लावून गणित शिकविते. गांवचा नवा शिक्षक तिचें घर पाहून शाळा कशी चालवावी, तें शिकतो.

पुढें खरी कसोटी आली. १७९८ सालीं फ्रेंच फौजेनें स्टान्स व आसपासचीं गांवें उद्ध्वस्त केलीं. तेथील पोरक्या मुलांसाठीं जानेवारी १७९९ मध्यें एक घर उघडण्यांत आलें, व तें पेस्तालोझींच्या हवालीं झालें. मुलें सुमारें ८० झालीं. कित्येक खरजेनें भरलेलीं, भ्यालेलीं. मदतीस एक बाई मात्र होती. पेस्तालोझी मुलांबरोबर जेवीत, त्यांच्यांतच निजत. इतक्यांत आल्टडोर्फ गांव जळालें. तेथील मुलांस येथें घ्यावयाचें, तर तुम्हांस अन्न कमी मिळेल व काम वाढेल, हें त्यांनीं मुलांस आधींच स्पष्ट सांगितलें. तरी मुलांनीं त्यांस आनंदानें होकार दिला. दयेचा हा धडा कोणत्याही पुस्तकांत नव्हता. जूनमध्यें फौजेस रुग्णालयासाठीं जागा लागली, आणि तें घर मोडलें.

नंतर बुर्गडोर्फ येथें व १८०५ पासून इव्हेर्दों येथें त्यांनीं मोठ्या शाळा चालविल्या. यूरोपांतून शिक्षक शिकावयास आले. बालोद्यानाचे जनक फ्रोबेल त्यांपैकींच. परंतु सहकारी शिक्षकांतील भांडणें त्यांस मिटवितां आलीं नाहींत, व १८२५ सालीं शाळा बंद झाली. ता. १७ फेब्रुवारी १८२७ रोजीं ते वारले. बिर येथें शाळेजवळच त्यांस पुरिलें.

त्यांचीं घरें मोडलीं, शाळा बुडाल्या. तरी डोकें, हृदय व हात हीं तिन्हीं एकत्र वाढलीं पाहिजेत, ही त्यांची शिकवण टिकली. आमच्या वाचकांपैकीं ज्या मातेस अक्षर येत नाहीं, तिनें आपणांस काय शिकवितां येणार, असें म्हणूं नये. मुलास शेंगा निवडून मोजावयास लाविलें, आणि त्यांतील ओंजळभर शेजारच्या आजारी म्हातारीस त्याच्याच हातीं पाठविल्या, म्हणजे त्या दिवसाचे तिन्ही धडे झाले.