लॉर्ड केल्विन

वैशाखातील दुपारी गंगापूर गावी उष्णतामापकातील पारा ४० अंशांवर चढतो. पौषातील एखाद्या पहाटे तोच १० अंशांपर्यंत उतरतो. म्हणून दुपार पहाटेच्या चौपट उष्ण असते, असे म्हणता येईल काय? नाही. सेल्सिअस मोजपट्टीवरील शून्य म्हणजे पाणी गोठते ते तापमान; उष्णतेचा आरंभ तेथे होत नाही. खऱ्या आरंभापासून तापमान मोजण्याची रीत ज्यांनी जगाला दिली, ते थोर शास्त्रज्ञ म्हणजे लॉर्ड केल्विन.

त्यांचे मूळ नाव विल्यम थॉमसन. २६ जून १८२४ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट शहरी त्यांचा जन्म झाला. विल्यम सहा वर्षांचा असतानाच मातेचे छत्र हरपले. वडील गणिताचे अध्यापक होते. मुलांना त्यांनी स्वतः शिकविले. पुढे वडील ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि कुटुंब स्कॉटलंडमध्ये आले. तेथे दहाव्या वर्षीच विल्यमने विद्यापीठात प्रवेश मिळविला. केंब्रिज येथील शिक्षण संपवून १८४५ साली तो पॅरिसला गेला व रेन्यो या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत अचूक मापनाचे धडे गिरवू लागला.

कार्नो नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १८२४ सालीच उष्णतेवर चालणाऱ्या यंत्रांविषयी एक छोटा ग्रंथ लिहिला होता. त्यातील विचार विल्यमच्या वाचनात दुसऱ्या एका लेखकाच्या निबंधातून आले. मूळ ग्रंथासाठी त्याने पॅरिसमधील पुस्तकांची दुकाने पालथी घातली; पण तो मिळाला नाही. विचार मात्र मनात घर करून राहिला.

१८४६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, थॉमसन ग्लासगो येथे प्राध्यापक झाले. त्या काळी पारा, मद्यार्क, हवा यांच्या प्रसरणावरून तापमान मोजीत. परंतु सर्व पदार्थ सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. मग खरे कोणाचे मानावे? कार्नोच्या मते, आदर्श यंत्राची कार्यक्षमता त्यातील पदार्थावर नव्हे, तर केवळ तापमानांवर अवलंबून असते. याच तत्त्वावर थॉमसन यांनी १८४८ साली एक नवी मोजपट्टी सुचविली.

तथापि तिच्यात एक उणीव होती. उष्णता हा कधीही नाश न पावणारा द्रव आहे, ही जुनी समजूत तिच्या मुळाशी होती. ज्यूल या संशोधकाचे मत निराळे होते. कार्य केल्याने उष्णता निर्माण होते, असे त्याचे प्रयोग सांगत. थॉमसन यांना प्रथम ते पटेना. काही वर्षांच्या चिंतनानंतर त्यांनी आपला आग्रह सोडला, ज्यूलबरोबरच प्रयोग केले आणि १८५४ साली मोजपट्टीची नव्याने मांडणी केली.

वायू थंड केला असता, शून्य अंशाला असलेल्या त्याच्या आकारमानाचा सुमारे २७३ वा भाग दर अंशाला कमी होतो. या हिशेबाने थंडीला एक तळ असलाच पाहिजे. उणे २७३.१५ अंश सेल्सिअस हाच तो तळ. त्याला केवल शून्य म्हणतात. केल्विन मोजपट्टी तेथून सुरू होते. म्हणून सेल्सिअसच्या अंकात २७३.१५ मिळविले की केल्विनचा अंक येतो व वजा केले की पुन्हा सेल्सिअसचा. गंगापूरची पहाट २८३.१५ केल्विन, तर दुपार ३१३.१५ केल्विन! दुपार पहाटेहून सुमारे एक दशांशानेच अधिक उष्ण ठरते.

अटलांटिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची तार टाकण्याच्या कामीही थॉमसन यांनी मोठे साहाय्य केले. १८६६ साली ते कार्य सिद्धीस गेले. १८९२ साली ते लॉर्ड झाले, तेव्हा विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचे नाव त्यांनी धारण केले. आज त्याच नावाने जगभर तापमान मोजतात.

त्रेपन्न वर्षांच्या अध्यापनानंतर १८९९ साली त्यांनी निवृत्ती घेतली आणि पंचाहत्तरीच्या या वृद्धाने त्याच विद्यापीठात संशोधक विद्यार्थी म्हणून आपले नाव नोंदविले! १७ डिसेंबर १९०७ रोजी त्यांचे देहावसान झाले. लंडन येथे वेस्टमिन्स्टर ॲबीत, न्यूटनच्या समाधीजवळ, ते चिरनिद्रा घेत आहेत. सत्य पटताच स्वतःचे मत सोडण्याचे धैर्य आणि अखेरपर्यंत विद्यार्थी राहण्याची विनम्रता, हे त्यांच्या मोठेपणाचे खरे गमक होय.