जेन अॅडम्स व शिकागोचा एकोणिसावा वॉर्ड

शिकागो शहराचें नांव आमच्या बहुतेक वाचकांस १८९३ सालच्या सर्वधर्मपरिषदेमुळें परिचित आहे. स्वामी विवेकानंद ज्या शहरांत बोलले व जगास ठाऊक झाले, त्याच शहरांत, हॉलस्टेड नांवाच्या रस्त्यावरील एका गरीब वस्तींत, त्या वेळीं एक कुलीन व सुशिक्षित बाई चार वर्षें येऊन राहिलेली होती. पुढें दोन वर्षांनीं ती बाई पहांटे सहा वाजतां उठून कचऱ्याच्या गाड्यांमागून हिंडूं लागली. तिचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. स्वच्छतेवर व्याख्यानें आमच्याकडे उदंड होतात, व सभेच्या शेवटीं हारतुरेही होतात. कचऱ्याची गाडी कोठें जाते व किती वेळां येते हें पाहण्यास घराबाहेर पडणारा प्रतिष्ठित गृहस्थ मात्र आमच्या पाहण्यांत फारसा नाहीं.

जेन अॅडम्स यांचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजीं इलिनॉय संस्थानांतील सीडरव्हिल या लहानशा गांवीं झाला. वडील गिरणीचे मालक, सचोटीचे व्यापारी, संस्थानच्या कायदेमंडळाचे सभासद व लिंकन यांचे स्नेही होते. आई जेन अवघी दोन वर्षांची असतांनाच वारली. लहानपणीं पाठीच्या कण्यास क्षयाची बाधा होऊन तें दुखणें जन्माचें मागें लागलें. १८८१ सालीं रॉकफर्ड येथील विद्यालयांतून त्या शिकून बाहेर पडल्या, आणि त्याच वर्षीं वडीलही गेले. डॉक्टर व्हावें या इच्छेनें त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत दाखल झाल्या; पण कण्याच्या दुखण्यानें उचल खाल्ली व थोड्या महिन्यांतच तो अभ्यास सोडावा लागला. येथें आमच्या वाचकांस एक गोष्ट आठवून देतों. याच कॉलेजांत १८८३ सालीं आमच्या आनंदीबाई जोशी गेल्या व १८८६ सालीं पदवीधर झाल्या. एक बाई प्रकृतीमुळें तें कॉलेज सोडून गेली व पंचाहत्तरीला टेकेपर्यंत जगली. दुसरी प्रकृतीस न जुमानतां तें पुरें करून आली व वर्षाच्या आंत पुण्यास वारली.

यानंतरचीं सात-आठ वर्षें जेनबाईंनीं कशीं काढलीं तें थोडक्यांत सांगण्यासारखें आहे. पैसा होता, विद्या होती, युरोपचे दोन प्रवास झाले. चित्रें पाहिलीं, भाषा शिकल्या. पण हातून कांहींच घडेना. मुलीस शिकवावयाचें आणि मग तिला दिवाणखान्यांत बसवून ठेवावयाचें, हा प्रकार केवळ आमच्याच समाजांत चालतो असें नाहीं. माद्रिद येथें बैलांची झुंज पाहतांना, रक्त सांडत असूनही आपण शेवटपर्यंत बसून राहिलों, याची त्यांस रात्रीं लाज वाटली, व वाचन-प्रवासाच्या नांवाखालीं आपण केवळ स्वतःस फसवीत आहों असें त्यांनीं मनाशीं ठरविलें. १८८८ सालीं लंडनच्या पूर्व भागांतील टॉयन्बी हॉल त्यांनीं पाहिला. विद्यापीठांतील तरुण तेथें गरिबांच्या शेजारीं राहण्यास येत. दान देऊन परत जावयाचें नाहीं, शेजारीच होऊन राहावयाचें, ही ती कल्पना होती.

१८ सप्टेंबर १८८९ रोजीं जेनबाई, त्यांची मैत्रीण एलन गेट्स स्टार व घरकाम पाहणारी मेरी कीझर अशा तिघी हॉलस्टेड रस्त्यावरील जुन्या हल यांच्या वाड्यांत राहावयास आल्या. सभोंवतीं इटालियन, जर्मन, आयरिश, बोहेमियन, ग्रीक, रशिया-पोलंडांतून पळून आलेले यहुदी, अशी अठरापगड वस्ती होती. प्रथम बालवर्ग निघाला, मग पाळणाघर, वाचनालय, चित्रशाळा, स्नानगृहें, खेळाचें मैदान, आणि नोकरी करणाऱ्या मुलींनीं आपसांत खर्च वाटून चालविलेलें वसतिगृह. १९०७ पर्यंत एका वाड्याच्या तेरा इमारती झाल्या होत्या.

पहिल्याच नाताळांत मुलांस मिठाई वाटली, तेव्हां कांहीं लहान मुलींनीं ती घेतली नाहीं. चौकशी केली असतां कळलें कीं, त्या मिठाईच्या कारखान्यांत कामाला होत्या. सहा आठवडे सकाळीं सातापासून रात्रीं नवापर्यंत मिठाईच हाताळल्यामुळें त्यांस ती डोळ्यांपुढेंही नकोशी झाली होती. त्याच हिंवाळ्यांत एका कारखान्यांतील एकाच यंत्रावर तीन मुलें जखमी होऊन एक दगावला. यंत्रास दोन-चार डॉलरांचें संरक्षण बसविलें असतें तर हें टळलें असतें. जेनबाईंस वाटलें, मालकास कळेल तर तो हळहळेल. मालक हळहळला नाहीं, कारण भरपाई मागणार नाहीं असें आईबापांकडून आधींच लिहून घेतलेलें होतें. येथें आम्ही व्यापारीवर्गास दोष देत बसत नाहीं. त्या मालकासारखे कागद आजही कोठें कोठें लिहून घेतले जातात हें वाचणाऱ्यांपैकीं कित्येकांस ठाऊकच असेल. हल हाऊसमध्यें राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली यांच्या खटपटीनें १८९३ सालीं इलिनॉयमध्यें कारखान्यांचा कायदा झाला, व चौदा वर्षांखालील मुलांस कारखान्यांत बंदी झाली. स्त्रियांस आठ तासांच्या कामाचें कलम मात्र संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयानें १८९५ सालीं रद्द केलें. मुलांच्या गुन्ह्यांसाठीं निराळें न्यायालय शिकागोंत १८९९ सालीं निघालें, तें त्या देशांतील पहिलें. त्यामागेंही याच मंडळींची खटपट होती.

आतां कचऱ्याकडे येऊं. एकोणिसाव्या वॉर्डांत कचऱ्याच्या लांकडी पेट्या रस्त्यालाच ठोकून बसविलेल्या असत. त्या भरून वाहत आणि त्यांवरच मुलें खेळत. कंत्राट दिलेलें होतें, पैसे चुकते होत होते, फक्त गाड्या येत नव्हत्या. जेनबाईंनीं तक्रारी केल्या, त्यांच्याबरोबरच्या बायकांनीं गल्लोगल्ली हिंडून टांचणें केलीं. कांहीं होईना, तेव्हां १८९५ सालीं त्यांनीं स्वतःच कचरा उचलण्याच्या कंत्राटासाठीं टेंडर भरलें. तें कांहीं तांत्रिक कारण काढून फेटाळलें गेलें. पण गवगवा इतका झाला कीं मेयरनें त्यांस वॉर्डाच्या कचऱ्याचे इन्स्पेक्टर नेमलें. पगार वर्षास १००० डॉलर. मग पहांटेच्या त्या फेऱ्या सुरू झाल्या. कंत्राटदारास नवाच्या तेरा व तेराच्या सतरा गाड्या कराव्या लागल्या. एका अरुंद गल्लींत खणतां खणतां अठरा इंच घाणीखालीं फरसबंदी सांपडली. मग दप्तर चाळलें तेव्हां ती सरकारी खर्चानें घातल्याची नोंदही सांपडली! तेथील इटालियन रहिवाशांस याचें फारसें नवल वाटलें नाहीं. गाडलेलीं शहरें उकरून काढण्याची त्यांच्या मायदेशीं संवयच होती. वॉर्डाचा क्रम मृत्युसंख्येच्या यादींत तिसऱ्यावरून सातव्यावर उतरला.

शेजारच्या बायकांपैकीं कित्येकींस मात्र बाईमाणसानें कचऱ्याचें काम पत्करावें याचा धक्का बसला. त्यांस जेनबाईंनीं समजाविलें कीं, घर झाडणें जर बाईचें काम, तर घराबाहेरची गल्ली घाण राहून घरांत रोग येत असतां ती गल्ली झाडून घेणें हेंही बाईचेंच काम. कांहीं दिवसांनीं ती जागा त्यांच्या सहकारी अमांडा जॉन्सन यांच्याकडे गेली; आणि पुढें तिला रस्त्यांचें काम जोडून, नव्या जागेस फक्त पुरुषच पात्र असा ठराव करण्यांत आला.

सर्वांत शिकण्यासारखा भाग यापुढें आहे. वॉर्डाचा नगरपिता जॉनी पॉवर्स हा दारूच्या गुत्त्यांचा मालक. शहराच्या ट्रामगाड्यांचे मक्ते कंपन्यांस विकण्यांत त्याचा हात होता हें सर्वश्रुत होतें. १८९६ व १८९८ अशा दोन निवडणुकींत हल हाऊसनें त्याच्याविरुद्ध उमेदवार उभे केले; दोन्हीं वेळां पॉवर्स निवडून आला. ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, ही लढाई लढणाऱ्या जेनबाईंस स्वतःस मत नव्हतें. इलिनॉयमधील स्त्रियांस म्युनिसिपल निवडणुकीचा मताधिकार १९१३ सालीं मिळाला.

हरल्यावर मतदारांस मूर्ख म्हणून मोकळें होणें हा सुधारकांचा नेहमींचा मार्ग. जेनबाईंनीं तो घेतला नाहीं. आपण कां हरलों याचा त्यांनीं शांतपणें विचार करून १८९८ सालीं लेख लिहिला. पॉवर्स नाताळांत घरोघर टर्की पक्षी वाटतो, लग्नांत आहेर करतो, मुलगा पकडला गेला तर जामीन राहतो, कामावरून काढलेल्यास दुसरें काम देतो, आणि गरिबाच्या प्रेतयात्रेस गाड्या पाठवितो. हा पैसा ट्रामच्या मक्त्यांतून येतो, म्हणजे फिरून त्याच गरिबांच्या भाड्यांतून येतो, हें खरें. पण दारांत उभा राहतो तो पॉवर्स. उलट हल हाऊसच्या पाळणाघरांत टाकून दिलेलें एक मूल वारलें, तेव्हां त्याचें दफन सरकारी खर्चानें करण्याचें तेथील मंडळींनीं ठरविलें. व्यवहाराच्या दृष्टीनें त्यांत गैर कांहींच नव्हतें. सगळी वस्ती हें ऐकून संतापली आणि लोकांनीं वर्गणी काढली. आमच्या शहरांतील जे सद्गृहस्थ दर निवडणुकीनंतर लोक पैसे खाऊन मत देतात म्हणून कपाळास हात लावितात, त्यांनीं गेल्या पांच वर्षांत त्या लोकांच्या किती मयतींस खांदा दिला, एवढें मोजून पाहावें.

१९०२ सालीं विषमज्वराची सांथ आली. वॉर्डाची वस्ती शहराच्या छत्तिसाव्या हिश्श्याएवढी, पण या ज्वरानें मेलेल्यांपैकीं सहावा हिस्सा तेथला. हल हाऊसमधील डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनीं घरोघर शौचकूप तपासून माशांवर ठपका ठेविला. मोठी चौकशी झाली, लांचखाऊ तपासनीस उघडकीस आले. खरें कारण निराळेंच होतें. नळाच्या केंद्रांत बिघाड होऊन मैलापाणी पिण्याच्या पाण्यांत शिरलें होतें व अधिकाऱ्यांनीं तें दडपलें होतें. ही कबुली हॅमिल्टनबाईंनीं पुढें आपल्या आत्मचरित्रांत स्वतःच दिली आहे, हें त्यांस भूषणावह होय.

जेनबाईंच्या चरित्रांत हंसूं येण्यासारखेही प्रसंग आहेत. १८९६ सालीं त्या टॉल्स्टॉयच्या भेटीस गेल्या. त्या ऋषीनें त्यांच्या झग्याच्या फुगीर बाह्या चिमटींत धरून, एवढ्यांत एका मुलीचा झगा होईल असें सुनावलें, व स्वतः अंगमेहनत न करितां खाल्ल्याबद्दलही टोमणा मारला. परत येतांना बाईंनीं रोज दोन तास स्वतः पाव भाजण्याचा निश्चय केला. शिकागोस पोंचल्यावर दाराशीं माणसें ताटकळत उभीं असलेलीं दिसलीं, आणि तो निश्चय त्यांनीं सोडून दिला. आमच्या मतें योग्य केलें.

१९१५ सालीं हेग येथें भरलेल्या स्त्रियांच्या शांततापरिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या. अमेरिका महायुद्धांत उतरल्यावरही त्यांनीं आपलें मत सोडलें नाहीं. कालपर्यंत पूजा करणाऱ्या वर्तमानपत्रांनींच त्यांवर चिखल फेंकला, संस्थांनीं नांव कमी केलें, सरकारनें पाळत ठेविली. १९३१ सालीं त्यांस शांततेचें नोबेल पारितोषिक निकलस मरे बटलर यांच्यासह विभागून मिळालें, व आपल्या वांट्याचे पैसे त्यांनीं शांततेच्या कार्यास दिले. २१ मे १९३५ रोजीं शिकागोंत त्यांचा अंत झाला. हजारों शेजारी हल हाऊसच्या चौकांतून शेवटचें दर्शन घेऊन गेले, व देह सीडरव्हिल येथें ठेविला गेला.

१९६१ सालीं शहरानें ती सर्व वस्ती विद्यापीठाच्या आवारासाठीं देऊं केली. त्या गल्ल्यांतील इटालियन गृहिणी मेयरच्या कचेरींत जाऊन ठाण मांडून बसल्या, आणि खटला वरच्या न्यायालयापर्यंत नेऊन १९६३ सालीं हरल्या. तेरांपैकीं अकरा इमारती पाडल्या गेल्या. मूळचा वाडा व मंडळींचें जेवणघर एवढीं दोन राहिलीं. त्यांत १९६७ सालीं संग्रहालय उघडलें. हल हाऊसच्या नांवानें अन्यत्र चालत राहिलेली संस्था पैशाअभावीं जानेवारी २०१२ मध्यें बंद पडली.