तिजोरीतला पैसा मालकांना परत करायला लावणारा माणूस : बेंजामिन ग्रॅहम

गोष्ट १९२६ ची. वॉल स्ट्रीटवर काम करणारे ३२ वर्षांचे बेंजामिन ग्रॅहम वॉशिंग्टनमधल्या सरकारी कार्यालयात कंपन्यांची कागदपत्रं चाळत होते. एका कागदावर त्यांची नजर थांबली.

नॉर्दर्न पाइपलाइन या तेल वाहून नेणाऱ्या कंपनीच्या शेअरचा भाव होता ६५ डॉलर. पण कंपनीकडे प्रत्येक शेअरमागे सुमारे ९५ डॉलरचे रोखे वगैरे नुसते पडून होते.

ग्रॅहम यांना पैशाची किंमत लहानपणीच कळली होती. १८९४ मध्ये लंडनला जन्म, वर्षभरातच कुटुंब न्यूयॉर्कला. नऊ वर्षांचे असताना वडील गेले. १९०७ च्या मंदीत आईची पुंजीही बुडाली.

त्यांनी कंपनीला सांगितलं, धंद्याला न लागणारा पैसा भागधारकांना द्या. व्यवस्थापनाने दाद दिली नाही. १९२७ च्या सभेत त्यांच्या ठरावाला अनुमोदन द्यायलाही कुणी नव्हतं. वर्षभर भागधारकांना भेटून त्यांनी मतं जमवली आणि १९२८ मध्ये संचालक मंडळात दोन जागा मिळवल्या. शेवटी कंपनीने शेअरमागे एकूण ७० डॉलर वाटले.

आजच्या बायबॅकमागेही हाच विचार असतो. समजा, एका इन्व्हेस्टमेंट ट्रस्टचे १०० शेअर आहेत. प्रत्येकामागे १०० रुपयांची मालमत्ता आहे, पण बाजारात भाव ८०. ट्रस्टने १० शेअर ८० ला विकत घेऊन रद्द केले, तर उरलेल्या ९० शेअरमागे प्रत्येकी सुमारे १०२ रुपये राहतात. राहिलेल्यांचा फायदा!

पण तेच शेअर १२० ला घेतले, तर मागे उरतात ९८ च्या आसपास. १९२९ च्या तेजीत अमेरिकेतल्या काही ट्रस्टनी नेमकं हेच केलं आणि मंदीत ते कोसळले.

त्या मंदीत ग्रॅहमही होरपळले. १९३२ पर्यंत त्यांच्या फंडाचा सुमारे ७० टक्के पैसा गेला. त्यातून सावरत त्यांनी १९३४ मध्ये डेव्हिड डॉड यांच्यासोबत 'सिक्युरिटी ॲनालिसिस' आणि १९४९ मध्ये 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर' लिहिलं. मालमत्तेपेक्षा स्वस्तात मिळणाऱ्या ट्रस्टकडे बघा, हा सल्लाही त्यात आहे. कोलंबिया विद्यापीठात त्यांच्या हाताखाली शिकलेले वॉरेन बफे पुढे काय झाले, हे जगाला माहीत आहे.

१९५६ मध्ये त्यांनी आपला फंड बंद केला. २१ सप्टेंबर १९७६ ला फ्रान्समध्ये त्यांचं निधन झालं.

म्हणूनच बायबॅकची बातमी आली की आधी एकच बघायचं : कंपनी शेअर कोणत्या भावाने घेतेय?