एदुआर मिशेलिन

दिव्याहून शीळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाहनांची सतत वर्दळ असते. एखाद्या मालमोटारीच्या चाकात खिळा रुतला, की कारागीर चाक उतरवतो, टायर रिमवरून सोडवतो आणि आतील ट्यूब पाण्यात बुडवतो. जेथून बुडबुडे निघतात, ती जागा घासून तो तेथे रबराचे ठिगळ चिकटवतो. पुन्हा हवा भरली, की थोड्याच वेळात गाडी मार्गस्थ होते. ही गोष्ट आज साधी वाटते. परंतु ती साधी करून देण्यासाठी एका चित्रकाराला आपली कला सोडावी लागली. त्यांचे नाव एदुआर मिशेलिन.

एदुआर यांचा जन्म २३ जून १८५९ रोजी फ्रान्सची राजधानी पॅरिस येथे झाला. चित्रकलेवर त्यांचे मनापासून प्रेम होते व पॅरिसच्या विख्यात कलाशाळेत त्यांचा अभ्यास चालू होता. इकडे क्लेर्माँ-फेराँ या गावी त्यांच्या आजोबांनी स्थापन केलेला कारखाना डबघाईस आला होता. वडीलबंधू आंद्रे यांनी साद घातली, तेव्हा एदुआर यांनी कुंचला खाली ठेवला आणि १८८९ साली कारखान्याची धुरा खांद्यावर घेतली.

त्या काळी गाड्यांच्या चाकांना लोखंडी धाव किंवा भरीव रबर असे. १८८८ साली डनलॉप यांनी हवा भरलेला टायर तयार केला आणि सायकलचा प्रवास सुखाचा झाला. मात्र हा टायर चाकाला डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेला असे. १८९१ साली एक सायकलस्वार असाच फुटलेला टायर घेऊन कारखान्यात आला. तो सोडवून सांधण्यात कित्येक तास गेले आणि सांधा वाळण्यासाठी रात्रभर थांबावे लागले. दुसऱ्या दिवशी एदुआर स्वतः त्या सायकलवर बसले. पण थोडे अंतर जाताच टायर पुन्हा बसला.

दुसरा कोणी असता, तर त्याने हवेच्या टायरलाच नावे ठेवली असती. एदुआर यांनी वेगळा विचार केला. वस्तू उत्तम आहे; उणीव आहे ती दुरुस्तीच्या सोयीची, हे त्यांनी ओळखले. काही महिन्यांतच त्यांनी चाकावरून सुटणारा टायर सिद्ध केला. त्याच वर्षी सुमारे १,२०० किलोमीटरच्या पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस शर्यतीत शार्ल तेराँ हा सायकलपटू याच टायरवर पहिला आला.

पुढे मोटारी आल्या. एवढे जड वाहन हवेवर चालेल, यावर कोणाचाही विश्वास बसेना. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत मिशेलिन बंधूंनी आपली मोटार स्वतःच हाकली. टायर वारंवार फुटले. वारंवार उतरून त्यांनी ते दुरुस्त केले. विजेती गाडी केव्हाच पोहोचली होती. या बंधूंचा क्रमांक अगदी शेवटचा लागला, तरी एवढा लांबचा पल्ला हवेच्या टायरवर पार पडू शकतो, हे सर्वांनी पाहिले. अल्पावधीतच मोटारींनी हवेचे टायर स्वीकारले.

टायर विकला म्हणजे आपले काम संपले, असे या बंधूंनी मानले नाही. हवा कमी असली, तर टायर दबून तापतो व लवकर फाटतो. ती फाजील असली, तर मधला भाग अगोदर झिजतो. वापरणाऱ्याला निगा राखता आली पाहिजे, म्हणून १९०० साली त्यांनी मोटारचालकांसाठी एक पुस्तिका काढली. टायर कसा बदलावा, कसा सांधावा आणि वाटेत कारागीर कोठे भेटेल, याची माहिती तीत होती. तिच्या ३५,००० प्रती विनामूल्य वाटण्यात आल्या.

उत्तरायुष्यात एदुआर यांना मोठे दुःख सोसावे लागले. एक पुत्र १९३२ साली विमान अपघातात, तर दुसरा १९३७ साली मोटार अपघातात निवर्तला. तरीही कारखान्याचा भार त्यांनी वाहिला. २५ ऑगस्ट १९४० रोजी त्यांचे निधन झाले.

नवी वस्तू घडवणे हे बुद्धीचे काम खरेच. पण ती मोडली असता सामान्य माणसाच्या हातांनी पुन्हा उभी राहील, अशी तिची घडण करणे हेही तितकेच थोर काम होय. एदुआर मिशेलिन यांनी ते आयुष्यभर केले.